माझ्या दाराची प्लेट

४ मार्च, मंगळवार

दादा पडला.

लिहिलं तरी खरं वाटत नाही. दादा पडला! आमच्या चित्रछपाईच्या वर्कशॉपच्या उंबऱ्यातच.

मी नेहमीसारखी जेवून दुपारी गेले. सकाळ त्याची, दुपार माझी, असं दोन वर्षं चाललंय. बघते तर शेजारचा बाइंडर आमच्या दाराला कुलूप लावून बाहेर उभा. हातात दादाची चप्पल. एकच. "ताई, तुम्हाला कोणी कळवलं नाही?" काय कळवायचं? कोण कळवणार? "दादांना गाडीत घालून नेलं. तोंड वाकडं झालं होतं एकदम." मी त्या चपलेकडेच बघत होते. अंगठा तुटलेला, तारेनं बांधलेला. नवी घेईल तर शपथ!

हॉस्पिटलात वहिनी बाकावर बसलेली. केस ओले, अर्धेच विंचरलेले. मला बघून उठली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "उजवी बाजू गेलीय. बोलता येत नाहीये ह्यांना."

बोलता येत नाहीये.

दोन वर्षं हा माणूस माझ्याशी बोलत नव्हता. मुद्दाम. मीही नव्हते बोलत, मुद्दामच. आणि आता म्हणे बोलताच येत नाही! ही काय थट्टा आहे?

काचेतून बघितला. नाकात नळी. डोळ्यांवर चष्मा नाही, तो पडला तेव्हा फुटला. नाकावर दोन लाल खळगे नुसते. कोणीतरी परकाच माणूस आणून झोपवलाय असं वाटलं.

आत गेले नाही. चप्पल पिशवीत घालून घरी घेऊन आले. का, कोण जाणे.

५ मार्च, बुधवार

दिवसभर डोक्यात एकच. आमचं भांडण कशावरून झालं होतं? कोणी विचारलं तर सांगायची लाज वाटेल. घरावरून नाही, वाटणीवरून नाही. एका दारावरून! तेही कागदावरच्या.

मी दारं काढते. दारं, खिडक्या, जिने, रिकाम्या खोल्या. दादा माणसं काढतो. प्रेस एकच, शाई एकच, पण चित्रं बघून कोणी म्हणणार नाही ही भावंडं आहेत. तर दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या प्रदर्शनात, एवढ्या लोकांसमोर, माझ्या दाराच्या प्रिंटपुढे उभा राहून हा म्हणाला, "दार झकास आहे हो. पण इतकी वर्षं बघतोय, त्यातून कोणी येतच नाही. टिल्ले, दारात माणूस घाल की एखादा!" लोक हसले. शिवाय टिल्ली म्हणाला! बावन्न वर्षांच्या बाईला! मग मीही सोडते की काय? म्हटलं, "तुझ्या माणसांना आधी उभं राहायला जमीन दे. सगळी हवेत. दोरीवर वाळत घातल्यासारखी." लोक आणखी हसले. तो नाही हसला.

झालं. त्या दिवसापासून अबोला. आधी वाटलं, चार दिवसांत निवळेल. मग वाटलं, बोलेल तोच आधी. मग ठरवूनच टाकलं — आधी तोच बोलेल, नाहीतर कोणीच नाही. त्यानंही हेच ठरवलं असणार. एकाच आईची पोरं!

मग वाटण्या सुरू. मधल्या मोठ्या टेबलावर खडूची रेघ, पलीकडे तो, अलीकडे मी. फळीसुद्धा अर्धी अर्धी. रेघ पुसट झाली की जो बघेल तो नवी ओढणार, या एका बाबतीत आमचं एकमत होतं. मध्ये निरोप्या म्हणून बिचारी वहिनी. "ह्यांनी विचारलंय, काळी शाई उरलीय का." "त्याला सांग, उरलीय. डोळे उघडून बघ म्हणावं." वहिनी म्हणायची, यातलं अर्धंच सांगते हं मी.

छापायच्या प्लेटा मात्र अबोल्यातही तोच कापायचा. मी कापली की कड चिरते, हे त्याला माहीत. कापून काळ्या पाकिटात घालायची, ऊन लागू नये म्हणून, आणि पाकिटावर पांढऱ्या पेन्सिलीनं 'टि' लिहून माझ्या फळीवर ठेवायची. तोंडानं बोलायचा नाही. पण टि लिहायचा.

६ मार्च, गुरुवार

आज पाच मिनिटं आत सोडलं.

दार उघडंच होतं, तरी माझ्या बोटांनी चौकटीवर टकटक केलंच. ही त्याची खोड. लहानपणापासून. दार सताड उघडं असलं तरी हा चौकटीवर टकटक करणार, मान वाकडी करून "येऊ का?" विचारणार. मग आत. आई वैतागायची. "उघडं आहे ना रे दार? ये की मेल्या!" माझ्या खोलीवर यायचा तेव्हाही तेच. दोन वर्षं झाली ती टकटक ऐकून.

पलंगाशी उभी राहिले. डोळे अर्धे उघडे होते त्याचे. माझ्याकडे होते की छताकडे, कळलं नाही. मी तोंड उघडलं — आणि काही आलंच नाही! लाज वाटते लिहायला. डोक्यात एक मूर्ख आवाज होता. आधी तो. आधी तो!

तिथे! नळ्या लावलेल्या माणसासमोर!

पाच मिनिटं संपली. नर्स म्हणाली, चला. बाहेर वहिनीनं विचारलं, "काही बोललीस?" मी मान हलवली. हो की नाही ते तिला कळू नये अशी.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिवावरचं टळलंय असं अजून म्हणवत नाही. त्या 'अजून'वर सगळा दिवस काढला.

८ मार्च, शनिवार

नीट, एकापुढे एक लिहिते.

सकाळी वहिनीनं मला हाकललं. "दोघी मिळून इथे काय दिवे लावणार? जा, काम कर जा. हात चालला की डोकं गप्प बसतं." गेले. सकाळची. सकाळी त्या वर्कशॉपात पाऊल टाकून दोन वर्षं झाली होती. त्याचा अॅप्रन खुंटीवर. खिडकीतून ऊन थेट टेबलावर. सकाळचं हे सगळं ऊन त्यानं लाटलं होतं तर!

दाराची फिल्म, म्हणजे चित्र काढलेला पारदर्शक कागद, माझ्या दोरीला क्लिप लावून लटकत होती, कधीची. रोज म्हणायचं, आज करू, उद्या करू. जुनंच दार, नव्यानं काढलेलं. पोपडे आलेली भिंत, झिजलेली पायरी, मधोमध दार, आत ठार काळोख. म्हटलं, आज ही उरकू.

माझ्या फळीवर वरचंच पाकीट. टि. ते छातीशी धरून उभी राहिले जरा. कधी कापून ठेवली असेल? पाकिटाच्या मागे खडूचा बाण, प्लेटची वरची बाजू कुठली ते दाखवणारा. दादाचाच, शंकाच नको. अंधाऱ्या कोपऱ्यात प्लेट काढली, ऊन द्यायच्या चौकटीच्या कोपऱ्यात बसवली, वर फिल्म, वर काच, खटके लावले आणि मागच्या अंगणात उन्हात धरली. मनात मोजलं. आत आणली. तसराळ्यात कोमट पाणी, मऊ ब्रश. गोल गोल फिरवायचं, जोर नाही करायचा. पिवळट बुळबुळ सुटायला लागते आणि रेषा खोल जायला लागतात. आता इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी माझा श्वास अडकतोच.

भिंत सुरेख उघडली. पोपडे, ओल, पायरीची कड, सगळं एकेक करून वर आलं. इतकी चांगली भिंत मला जन्मात आली नव्हती. मग ब्रश दारावर नेला. दार सगळ्यात काळं, म्हणून तिथला थर सगळाच सुटायला हवा. सुटेना! कडक. नखासारखं गुळगुळीत. आधी वाटलं पाणी गार झालं. मग वाटलं फिल्मला छेद पडला. आणखी दोन हात फिरवले, पाणी ओतून दिलं, प्लेट उजेडाकडे तिरकी धरली.

दारात माणूस होता.

माझ्या दारात! मी न काढलेला! डोकं, खांदे, वाकलेली पाठ. जाड चष्मा. एक हात वर.

मी ओरडले असणार, कारण बाइंडर डिंकाच्या हातांनीच धावत आला. "काय झालं ताई?" "काही नाही. झुरळ." प्लेट अॅप्रनखाली. तो बिचारा खाली वाकून झुरळ शोधायला लागला! मिळेना, तर म्हणे, मोठं होतं का? मी म्हटलं, माणसाएवढं.

तो गेल्यावर स्टुलावर बसले. किती वेळ कोण जाणे. प्लेट मांडीवर, अंगावर पाणी ठिबकतंय. दादाच होता तो. नळ्या लावून पलंगावर पडलेला माणूस माझ्या दारात येऊन उभा!

९ मार्च, रविवार

डोकं ताळ्यावर आलं. भूतबीत काही नाही. त्याहून वाईट आहे.

या प्लेटवरचा थर मऊ असतो. ऊन लागलं की दगड होतो. फिल्मवर जिथे काळं असेल तिथे ऊन पोचत नाही, तिथला थर मऊच राहतो. तो पाण्यानं निघून जातो, खळगा पडतो, खळग्यात शाई बसते. संपलं शास्त्र. आणि एकदा दगड झालेली जागा पुन्हा मऊ होत नाही, मग डोकं आपटा. म्हणून ऊन दिलं की प्लेट लगेच धुवायची. हे मला शिकवलं कोणी? त्यानंच.

आणि त्यानंच धुतली नाही! मंगळवारी सकाळी त्यानं या प्लेटवर स्वतःचं चित्र ठेवून ऊन दिलं. आणि धुण्याआधीच काहीतरी झालं त्याला. चक्कर, अंधारी, काय ते. काय करतोय याची शुद्ध राहिली नसणार. प्लेट परत पाकिटात घातली, त्यावर टि लिहिलं, पाकीट ठेवलं माझ्या फळीवर! केवढा गोंधळ उडाला असेल त्याच्या डोक्यात. मग दाराकडे गेला, आणि पडला.

आणि मी काय केलं? त्याच प्लेटला माझं ऊन दिलं. माझं दार ठार काळं, तिथे ऊन पोचलं नाही, म्हणून दारापुरतं त्याचं चित्र वाचलं. दाराच्या बाहेर त्यानं जे काही काढलं असेल ते गेलं. किती माणसं असतील? त्याची नेहमीची गर्दी? सगळ्यांच्या अंगावरून माझी भिंत फिरली.

मूळ चित्रही मिळायचं नाही. दादाची दुधी फिल्म एकच, वर्षानुवर्षं तीच. तिच्यावर शाईनं काढायचं, ऊन दिलं की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं. "दुसरी कशाला? ही काय मेलीय का?" खडूच्या रेघेअलीकडूनच मान लांब करून बघितलं. त्याच्या टेबलावर एक काळा कागद, त्यावर फिल्म. पुसून लख्ख. जागच्या जागी.

रेघ ओलांडली नाही. आजही नाही! काय म्हणावं मला?

१० मार्च, सोमवार

प्रूफ काढलं. काढायचं नाही म्हणत होते, पण राहवेना.

घाईत शाई भरली, घाईतच जाळीच्या फडक्यानं पुसली, कागदही पुरता भिजला नव्हता. प्रेसचं चाक फिरवताना डोळे मिटून घेतले, लहान मुलासारखे. कागद उचलला. दादा, माझ्या दारात, माझ्या पायरीवर. वर केलेल्या हाताच्या जागी शाईचा गोळा झालाय, पण हात वर आहे हे नक्की.

निरोप घेतोय.

मला दुसरं काही सुचलंच नाही. ज्या सकाळी तो पडला त्याच सकाळी त्यानं स्वतःला हात वर करून काढलं! माणसाला आतून कळतं का? कागद तसाच सोडला आणि हॉस्पिटल गाठलं. होता. जागेवर होता. श्वास चालू होता. मी जिन्यातच बसले आणि रडले. पहिल्यांदा.

११ मार्च, मंगळवार

वहिनीला सांगितलं नाही. कसं सांगू? तुझ्या नवऱ्याचं शेवटचं चित्र मी धुऊन टाकलं? 'शेवटचं' — हा शब्द माझ्या पेनातून आलाच कसा!

१२ मार्च, बुधवार

दादाला साध्या खोलीत आणलं! जिवावरचं टळलं असं डॉक्टरीणबाई आज स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या. पण उजव्या हाताचं काही सांगता येत नाही म्हणे. बोलण्याचंही नाही. ऐकू येतं, कळतंही बरंचसं, पण तोंडाशी एकच शब्द येतो. "बरं." पाणी हवं का? बरं. दुखतंय का? बरं. नर्सनं सुई टोचली — "बरं बरं बरं!" वहिनी म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली, इतक्या वेळा माझं ऐकलं नव्हतं ह्यांनी." आणि हसली. आणि मग तोंडावर हात दाबून बाहेर गेली.

आम्ही दोघंच उरलो.

मी खुर्ची ओढली. म्हटलं, "दादा, मी टिल्ली."

संपलं! दोन वर्षांचं एवढं मोठं नाक, एका वाक्यात खाली. हरले मी. खुशाल हरले. त्यानं मान वळवली, किती वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

त्याचा डावा हात धरून बसले. आम्ही हात धरणारी भावंडं कधीच नव्हतो. तो हात शाईशिवाय इतका स्वच्छ, की कोणाचाही वाटला असता.

म्हटलं, आत्ता सांगून टाकावं, प्लेटचं. नाही सांगितलं. उजव्या हाताचं ऐकल्यावर धीरच झाला नाही. तो हात परत नाहीच आला तर ते खरंच शेवटचं. आणि ते माझ्या हातून गेलंय.

१३ मार्च, गुरुवार

ठरवलं, लपवायचं नाही. त्याला दाखवायचं आणि सांगायचं. पण ते गबाळं प्रूफ दाखवायचं नाही. आजारी असला म्हणून काय झालं, गबाळं प्रूफ बघून त्यानं पलंगावरूनच फाडलं असतं.

म्हणून आज नीट केलं सगळं. चांगला कागद, पाण्यात हवा तेवढा ठेवला, ब्लॉटिंगमध्ये दाबला. शाई जरा कोमट केली. पुसताना घाई नाही — जाळी, मग कागद, शेवटी तळवा. चित्रातल्या वर केलेल्या हाताच्या रेषा अगदी बारीक होत्या. तिथे बोटाच्या टोकानं पुसलं, श्वास धरून.

प्रेसमधून कागद निघाला आणि मी गार!

हात वर आहे. पण पंजा उघडा नाहीच. बोटं मिटलेली. मूठ!

निरोप कुठला? मूठ उगारलीय. माझ्या दारात उभा राहून माझ्यावर मूठ! म्हणजे दोन वर्षं हेच धुमसत होतं तर त्याच्या आत. आणि मी काल हात धरून बसले होते. तो बिचारा सोडवून घेऊ शकत नव्हता म्हणून धरू दिला असेल.

तरी चित्र काय उतरलंय! चष्म्याच्या काचेवर एवढासा उजेड, पाठीला तो बाक. आणि पाय, पाय पायरीवर टेकलेत. दादाचं माणूस पहिल्यांदा जमिनीवर उभं आहे. तेही माझ्या. योगायोगानं! हसावं की रडावं?

दाखवू की नको?

१४ मार्च, शुक्रवार

दाखवलं.

वहिनी होती. तिच्यादेखतच सांगितलं, एका दमात, थांबले तर जमणार नाही म्हणून. "दादा, तू मंगळवारी ऊन दिलेली प्लेट तशीच पाकिटात गेली होती. मला माहीत नव्हतं रे. मी तिच्यावर माझं दार लावलं. तुझं बाकीचं सगळं गेलं. एवढाच माणूस उरला. माझं चुकलं. तुझा राग असेल तर असू दे, पण माझं चुकलं." आणि प्रिंट त्याच्यापुढे धरलं.

वहिनीनं कपाळाला हात लावला. "अगं, एवढं आठवडाभर एकटीच पोटात ठेवून बसलीस?" म्हणाली. एवढंच. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दादा चष्म्याशिवाय डोळे बारीक करून बघत होता. कागद नाकाशी नेला त्यानं. मग त्याच्या तोंडाची डावी बाजू वर गेली, उजवी तिथेच. डोळ्यांतून पाणी. घशातून कसला तरी आवाज. मी घाबरले. वहिनीही उठली. पुन्हा झटका आला की काय! मग त्यानं डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर ठोकायला सुरुवात केली. टक टक. माझ्याकडे बघायचं आणि टक टक. "बरं! बरं!" नर्स आली. काय हवंय? पाणी? नाही. बेडपॅन? त्यानं तिच्याकडे असं बघितलं! पुन्हा टक टक. कागदावर बोट, मग टक टक. आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय आणि हा चिडतोय. शेवटी त्यानं उशीत डोकं टाकलं आणि डोळे मिटले. दमला.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "नीट दिसत नाहीये ह्यांना, चष्मा मागत असतील. वर्कशॉपात जुना असेल बघ, टेबलावर कुठेतरी. उद्या घेऊन ये."

त्याच्या टेबलावर. म्हणजे रेघ ओलांडणं आलं.

१५ मार्च, शनिवार

रेघ ओलांडली. कोपरानं पुसलीच गेली.

चष्मा फिल्मच्या शेजारीच होता. फिल्म उचलली, तिच्याखालचा काळा कागद उचलला. त्याला मधोमध भोक. ब्लेडनं कापलेलं, उभं, कडा सरळ. माझी दाराची फिल्म क्लिपमधून काढून त्यावर ठेवली.

माझं दार. केसाचाही फरक नाही.

भिंत! इतकी वर्षं हे काम करते आणि हे मला दिसलं नाही! त्यानं नुसतंच चित्र ठेवून ऊन दिलं असतं तर माझी भिंत उमटलीच नसती, सगळी दगड झाली असती. त्यानं ती या काळ्या कागदानं झाकली होती. दाराएवढं उघडं ठेवून, तेवढ्यात स्वतःला काढून, पायरीवर पाय टेकवून, मुद्दाम न धुताच पुन्हा पाकिटात घालून, टि लिहून माझ्या फळीवर ठेवलं. काही गेलं नाही. काही चुकलं नाही. चक्करबिक्कर काही नव्हती. दुपारी मी धुवायला घेईन तेव्हा माझं तोंड कसं होईल, या विचारानं हसत असेल मेला!

आणि ती मूठ नाही. माझ्या चौकटीवर टकटक करतोय तो. येऊ का?

आधी तोच बोलला होता.

चष्मा घेतलाय. निघाले. ये की रे दादा, दार उघडंच आहे.